कणगीतलं भूत

जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात एक बांगडीवाली बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तिच्याकडं एक चित्रांचं पुस्तक आहे. बांगड्या भरताना लहान पोरीनं मूठ आवळली की ते पुस्तक ती सोबतच्या माणसाच्या हातात देते. त्यात पानापानानं एक भूत धान्याच्या कणगीतून वर येतं. शेवटच्या पानाला पोरगी किंचाळते, मग खदखदा हसते. तेवढ्यात हात सैल पडतो अन् बांगडी चढते.

परवा लेक आणि चार वर्षांची नात यांना घेऊन गेलो, तर पुस्तक माझ्याच हातात आलं.

"भेईल ना ती," मी म्हणालो.

"भिऊ द्या की, दादा! भ्यालेलं लेकरू मांडीत येतं. काहून नको म्हनता?"

का नको म्हणालो, ते आज सांगून टाकतो. माझी लेक एवढीच असताना असंच पुस्तक बघून रोज माझ्या मांडीत शिरायची. मला वैताग आला आणि मी ते चुलीत घातलं. त्यानंतर ती मांडीत आली नाही.

मी वाचायला लागलो. भूत निघालं तशी नात हिरव्या बांगड्यांसकट माझ्या कुशीत घुसली. मागून लेक माझ्या खांद्याला टेकली, म्हणाली,

"बाबा, पुन्हा पहिल्यापासून."

"अवो, बांगड्या झाल्या भरून," बांगडीवाली हसत म्हणाली. "गिऱ्हाइक खोळंबून राहिलं, सरका!"

आम्ही तिघंही सरकलो नाही.