उसातलं गाणं आणि मालकांचा शर्ट

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मोरगावहून रोज बारामतीला एसटीने जायला परवानगी देताना वडील, म्हणजे आबा, एवढंच म्हणाले होते, "गावात कुणी बोट दाखवलं, की शिक्षण बंद."

वर्गातला एक मुलगा यूट्यूबसाठी गाणी बनवायचा. त्याने एका गाण्यात काम करशील का विचारलं आणि मी हो म्हणाले. तशा गाण्यांतल्या बायका मला आवडायच्या आणि त्यांना बघून अवघडल्यासारखंही व्हायचं. त्या कधी काम करत नाहीत, नुसत्या वळून बघतात आणि कॅमेरा पायांपासून वर सरकतो. आपलं तसं नसेल, असं मी धरून चालले. विचारायचा धीर झाला नाही.

शूटिंगच्या दिवशी बारामतीजवळच्या सांगवीच्या उसात त्याने बिनबाह्यांचं पोलकं पुढे केलं. मला नाही म्हणता आलं नाही. आमच्याकडे ज्वारी-बाजरी, उभ्या उसात मी कधी शिरलेच नव्हते. दोन शॉट झाले तोवर पानांनी दंड चिरले, आग आग होऊ लागली.

बांधावरून शेतात काम करणाऱ्या एक मावशी ओरडल्या, "अगं बया! उसात उघड्या हातानं कोण शिरतं?"

"मावशी, गाण्यात असंच असतं," तो म्हणाला.

"मग तूच घाल की ते पोलकं, आन् जा आत!"

सगळे हसले. मावशींनी आपल्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, लांब बाह्यांचा शर्ट आणून दिला. तिथल्या बायका साडीवर तसाच शर्ट घालून उसात जातात. माझे लालबुंद हात काही दाखवण्यासारखे राहिले नव्हते. त्याने तोंड पाडून मला शर्टातच, उसाला पाणी देताना चित्रित केलं.

"पहिले दोन शॉट ठेवू नकोस," मी निघताना कसंबसं म्हणाले.

"बघू," तो म्हणाला.

गाणं आलं त्या दिवशी मला बघवेना. संध्याकाळी आबाच कुणाचा तरी मोबाईल घेऊन दारात उभे राहिले. "तू हायेस म्हणं ह्यात?"

आम्ही सगळ्यांनी बघितलं. ते पहिले दोन शॉट नव्हते. मी फावड्याने पाणी वळवत होते, केसांत माती होती.

"शर्ट कुणाचा गं ह्यो?"

"शेतातल्या मावशींच्या मालकांचा."

"व्हय? लई ढगळा झालाय." आबांनी गाणं पुन्हा लावलं आणि मोबाईलवरची नजर न काढता आईला म्हणाले, "हिचा डबा उद्या लवकर कर. रोज पळत एसटी गाठती पोरगी."

मी आत जाऊन तांब्याभर पाणी प्याले.