फटफटियावाले भइया

माझ्या नवऱ्याच्या पाठीवर एक बाई मेली.

आणि तिचाच आजार घेऊन नंतर तेही गेले.

आज दिनकर यांचा स्मृतिदिन. सकाळपासून चर्चच्या ग्रुपवर मेसेज येतायत. किती हसतमुख होते, किती जीव वाचवले त्यांनी.

मी त्यांची बायको. त्या वेळी नर्स होते. काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून आज लिहिते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही दोघं मूळचे नगरकडचे. दिनकरना बनारसला रेल्वेत नोकरी, मला तिथल्याच एका हॉस्पिटलात. कँटोन्मेंटजवळ छोटं हिंदी चर्च होतं, तिथे जायचो. मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

चर्चमधल्या चौघांकडे मोटरसायकली होत्या. एका रविवारी उपासना संपल्यावर दिनकर पादरीसाहेबांना म्हणाले, "साहब, हम लोग गाड़ी चमकाकर यहाँ खड़ी कर देते हैं. गंगा पार के मरीज अस्पताल तक पहुँच ही नहीं पाते. उनको ले आएँ तो?"

पादरीसाहेबांनी चौघांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. नाव दिलं, 'मोटरसाइकिल सेवकाई', म्हणजे मोटरसायकलवरची सेवा.

गावातली माणसं मात्र म्हणायची, फटफटियावाले भइया.

पीपा पुलावरून, म्हणजे त्या तरंगत्या पिंपांच्या पुलावरून, रामनगर. तिथून पुढे कच्च्या रस्त्याने गावं. तापाचे, मोडलेल्या हाडांचे, कुणीही. मागे बसवायचं आणि आणायचं. कुणी म्हटलं तर प्रार्थना करायची. नाही म्हटलं तर पाणी पिऊन परत.

फुलमती तिथलीच. तिला टीबी होता. नवरा, रामजतन, वीटभट्टीवर. त्याचा खाडा झाला की चूल बंद.

तिला इंजेक्शनं चालू होती आणि गावात ती देणारं कुणी नव्हतं. बाकीचे तिघं रविवारपुरते. दिनकर मात्र ड्यूटी सुटली की जायचे, तिला आणायचे, परत सोडायचे.

तिला धड बसवत नव्हतं. म्हणून गमछ्याने स्वतःच्या कमरेला बांधून घ्यायचे.

मी एकदा बोलले, "अहो, ती तुमच्या मानेवर खोकते. काही कळतं का तुम्हाला?"

"मग कुठे बसवू तिला?"



पावसाळा आला. पीपा पूल काढला. मग मोटरसायकल नावेत चढवायची. गंगा फुगली की नाववाले नाही म्हणायचे. मग मोठ्या पुलावरून लांबचा फेरा, गुडघाभर चिखल. कधी पोचायचे, कधी अर्ध्यातून परत यायचे.

इंजेक्शनं चुकायला लागली, आणि खंड पडला की टीबी औषधांना जुमानत नाही. फुलमती खाली खाली जात गेली.

त्या दिवशी माझी ड्यूटी होती. गाडीचा आवाज आला तशी मी दारात गेले.

"अगं, हिला धर. झोप लागलीय वाटतं. निघताना बोलत होती, धीरे चलाना भइया म्हणून."

मी मनगट हातात घेतलं.

"अहो, हलू नका."

"का?"

"ती गेलीय."

तिचं डोकं त्यांच्या मानेवर होतं. ते तसेच बसून राहिले. गाडी चालूच. शेवटी मीच चावी फिरवली आणि गमछ्याची गाठ सोडली.

जीप करून तिला गावी नेलं. मीही गेले होते. रामजतन रडला नाही. एवढंच म्हणाला, "जिंदा ले गए थे, भइया. जिंदा ले आओ."

दिनकरनी हात जोडले. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, हे लोक धर्म बदलायला बायका उचलून नेतात. धक्काबुक्की झाली. संध्याकाळपर्यंत आम्ही पोलीस चौकीत बसून होतो. मग सोडलं.

चर्चच्या कमिटीने सेवकाई बंद केली. एकाने गाडी विकली, एकाची बदली झाली. चौघांतले मसीहजी तेवढे येत राहिले घरी. चहा प्यायचे, जायचे.

दिनकर एकटेच दोनदा त्या गावी गेले. रामजतनने दार उघडलं नाही.

मग तो खोकला सुरू झाला.

नर्सला काय सांगायचं असतं? पहिल्या रात्रीच ओळखला मी. औषधं वेळेवर दिली, एक गोळी चुकू दिली नाही. पण फुलमतीला जी औषधं शेवटी लागू पडत नव्हती, ती यांनाही पडली नाहीत.

पादरीसाहेब यायचे. सुरुवातीला दिनकर डोळे मिटून घ्यायचे. शेवटी शेवटी मला म्हणाले, "प्रार्थना राहू दे. खिडकी उघड."

मी खिडकी उघडली. त्याच आठवड्यात ते गेले.

दफनाला मोजकी माणसं. मसीहजी मोटरसायकल घरी ठेवून रिक्षाने आले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दार वाजलं. बाहेर रामजतन. सायकलच्या दांडीवर त्याची मुलगी, चादरीत गुंडाळलेली.

"भाभी, भइया हैं? इसको भी वही हो गया. भइया इसको भी फटफटिया से ले आया करते तो..."

"भइया नहीं रहे, रामजतन."

त्याने चादर मुलीभोवती घट्ट केली. मुलगी खोकत होती.

मीच तिला रिक्षात घालून नेलं. एक्स-रे पाहिला आणि समजले. थंडी सरायच्या आत तीही गेली.

अहो, तो आला होता तुम्हाला बोलवायला. एवढंच सांगायचं राहिलं होतं.

निजा आता. तुमच्या बायकोचा सलाम घ्या.