बाहेर आलेला खिळा

पाइनच्या लाकडाचा वास आला की घोडबंदरचं आमचं गोदाम आठवतं. तिथे रोलरचे उतरते रॅक नवीन बसवले होते. त्यांवरून माल आपोआप पुढे सरकायचा. माल ज्यांवर रचतात ते सपाट पाट, म्हणजे पॅलेट, लाकडी घ्यायची की प्लास्टिकची, हे मी ठरवणार होतो. जुनी लाकडी पॅलेट दुरुस्त करायला डोंगरीहून येणाऱ्या सुतारकाकांना मी मत विचारलं. त्यांनी स्वतः ठोकलेलं एक पॅलेट रोलरवर सोडलं. ते मध्येच अडकलं. काकांनी खालून हात फिरवला, बाहेर आलेला खिळा उपटून खिशात टाकला. “प्लास्टिकचीच घ्या, साहेब,” ते म्हणाले, “लाकूड इथं न्हाय चालायचं.” मग शांतपणे हत्यारांची पिशवी भरू लागले, त्यांचं काम संपलं होतं. प्लास्टिकची ऑर्डर मी आदल्या दिवशीच दिली होती, हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.