डोंगराचा वाटा

आमच्या माटोळीला दुसरं बक्षीस मिळालं तेव्हा आठवडाभर माझे पाय जमिनीला लागत नव्हते. दुसरंच मिळालं होतं, तरीही. प्रमाणपत्राला फ्रेम केली आणि दारातून आत येणाऱ्याला पहिल्यांदा तेच दिसेल अशा जागी टांगलं. आता ते कपाटामागे आहे, भिंतीकडे तोंड करून. मीच ठेवलं.

चवथीला गणपतीच्या डोक्यावर एक लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं, पानं, फुलं केवणीच्या रानझुडपाच्या सालीने बांधतात. नारळ, आंबाडे, तोरिंग, सुपारीचं शिपटं, जे काय त्या दिवसांत मिळेल ते. तीच माटोळी. आमच्या घरी तिच्या मधोमध कवंडाळाची जोडी लागते. कवंडाळ म्हणजे रानवेलीचं लिंबाएवढं लालभडक फळ. जिभेला लावाल तर दिवसभर थुंकत बसाल, पण ती लाल जोडी वर नसली की आमच्या घरात चवथ झाल्यासारखी वाटत नाही.

ती आणायचं काम माझ्या धाकट्या दिरांचं. आयुष्य खाणीवर ट्रक चालवण्यात गेलं, लग्न केलं नाही, बोलणंही बेताचंच. चवथीच्या दोन दिवस आधी सकाळी कोयता घेऊन एकटे डोंगरावर जायचे. एके काळी तिथे वेलींना तोटा नव्हता म्हणे. अर्धा डोंगर खाणीने खाल्ला आणि कवंडाळाची एकच वेल उरली. ती कुठे आहे हे त्यांना कुणी विचारायचं नाही, अशी घरची रीत. जाणारा एकटा जातो, आणि आपल्यामागून जो जाणार त्या एकालाच जागा दाखवतो. लग्न होऊन आले तेव्हा मला हसूच यायचं. म्हटलं, कवंडाळच ना ते, का सोन्याचा हंडा पुरलाय?

मग भावजींचे गुडघे गेले. माझे यजमान आधीच गेलेले, मुलगे बाहेरगावी. उरली कोण, तर शाळेतून निवृत्त झालेली मी. एका चवथीला ते म्हणाले, "वयनी, उद्यां माझ्यावांगडा येवा."

काठी टेकत, दर दहा पावलांवर थांबत त्यांनी मला वेलीपर्यंत नेलं. वेल एका किंदळाच्या झाडावर चढली होती. देठ कोयत्याने कापायचा, दोन बोटं फळाला राखून. ओढायचं नाही, पिळायचं नाही. पिकलेली एक जोडी घ्यायची, बाकीची डोंगराची. "पक्षी खातले, बी पडतला," ते म्हणाले. "ही वेल बापाशीन माका दाखयली, आता मी तुमका. कोणाक सांगू नकात हां."

"इश्श भावजी, मी काय लहान आहे?" असं म्हणाले मी. खरं सांगते, त्या वेळी ऊर भरून आला होता. त्या घरात सुनेला ती जागा दाखवणारे ते पहिलेच.

आणि मी ते किती दिवस पोटात ठेवलं? तीन दिवस. पुरते तीनही नाहीत.

त्याच वर्षी तालुक्यातल्या वारसा समितीने माटोळीची स्पर्धा ठेवली होती आणि नाव मी घातलं होतं. परीक्षक आले तेव्हा भावजी शेजारी आरतीला गेले होते. त्यांतल्या एका बाईंनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "अय्या, कवंडाळ! हे तर आता बघायलाच मिळत नाही. कुठे मिळालं? माहितीला वेगळे गुण आहेत."

गुण! जन्मभर दुसऱ्यांना गुण वाटणाऱ्या बाईला कुणी तरी गुण देणार होतं. मी नुसतं सांगितलं असतं तरी एक वेळ ठीक. मी कागद आणला, पेन्सिल आणली आणि नकाशा काढला. कातळाचा सडा, सड्याखालची झर, झरीच्या डाव्या हाताला किंदळ. भूगोल शिकवायचे ना मी! बाणसुद्धा दाखवले. बाई म्हणाल्या, "असं जपायला हवं सगळं." मी मान डोलावली. काय जपत होते मी, माझं डोंबल!

समितीने पुस्तिका काढली. माझा नकाशा त्यात जसाच्या तसा छापला. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर त्याचे फोटो फिरले, आणि मीही चार गटांवर स्वतः पाठवले. भावजींनी ती पुस्तिका चाळली की नाही, मला ठाऊक नाही. मेजावर पडलेली असायची.

पुढल्या चवथीला त्यांना उंबराही ओलांडवेना. मी एकटीच गेले. किंदळ होता. वेल नव्हती. बुंध्याशी माती उकरलेली, मुळासकट ओढून काढलेलं वेलीचं वाळकं वेटोळं बाजूला टाकलेलं आणि एक फाटकं प्लास्टिकचं पोतं. एवढंच. पहिला विचार काय आला सांगू? वेलीचा नाही. भावजींना काय सांगू, हा.

तशीच डिचोलीच्या बाजारात गेले. माटोळीच्या सामानाच्या ढिगात कवंडाळं होती, बरीचशी हिरवीच, देठ पिळवटलेली. आमच्याच वेलीची असतील, नसतीलही. विचारायचं धाडस झालं नाही. त्यातल्या त्यात एक पिकलेलं आणि एक कच्चं उचललं. घरी येऊन साडीला थोडी माती लावली. हो, लावली. या वयात.

भावजी खुर्चीत बसून माटोळी बांधत होते. जोडी हातात घेतली, कच्चं फळ फिरवून पाहिलं, पिळलेल्या देठावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग विचारलं, "डोंगराचो वाटो ठेवलात मां?"

"हो तर," मी म्हणाले. समोर गणपती बसायची जागा झाडून पुसून तयार होती, आणि मी हो तर म्हणाले.

त्यांनी जोडी बांधली. दीड दिवस मी आरत्या म्हटल्या, नेवऱ्या वाढल्या, पाहुण्यांकडून माटोळीचं कौतुक ऐकलं, आणि एकदाही मान वर केली नाही.

विसर्जनानंतर माटोळी उतरवली. भावजींनी पिकलेलं कवंडाळ फोडलं, काळपट गरातल्या बिया बोटाने वेगळ्या केल्या आणि केळीच्या पानात बांधून ती पुडी माझ्या हातावर ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "पाऊस आसा तवसर पुरून येवा. आनी वयनी, खंय पुरल्यात, ता माका पण सांगू नकात."

बापाने दाखवलेली जागा गेली होती, आणि नवी जागा त्यांनी आपण होऊन स्वतःला बंद करून घेतली. माझ्या तोंडापायी. वर्गात खोटं बोलणाऱ्याला मी बाकावर उभं करायचे. त्या दिवशी समोर बसलेल्या माणसाला 'भावजी, मीच सांगितलं हो' एवढं म्हणायला माझी जीभ वळली नाही. "बरं," मी म्हणाले, आणि पुडी घेऊन निघाले.