एका नातसुनेची दोन नावं

आळीतल्या बायांनो, आज नातसुनेला घेऊन ठाण्याला पासपोर्टाच्या कचेरीत गेले होते.

नातू नैरोबीला कायमचा राहणार म्हणतो. बायकोला न्यायला आजवर नवऱ्याचं पत्र पुरत होतं. आता नियम बदललाय, तिचा शाळेचा दाखला लागतो. दाखल्यावर ती गोदावरी, आणि लग्नात आपण नाव ठेवलं सुमन.

कारकून म्हणाला, "आजी, यातली जाणार कोण?"

म्हटलं, "दोघी. एकाच ताटात जेवतात."

तो हसला आणि कागद परत दिले. ही बाई एकच, असं कोर्टात शपथेवर सांगणारे साक्षीदार आणा म्हणाला. घरचे चालत नाहीत.

लग्नानंतर जेमतेम महिनाभर नवरा दिसलाय तिला.

तांदळात तिचं नवं नाव लिहिलं, तेव्हा पेढे खायला सगळ्या होतात. उद्या कोर्टात कोण येतंय?