मशीन बंद आहे, असं मी म्हणालो

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. डॉक्टर मॅडमना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

मी हाटकेशला राहतो. हायवेलगतच्या एका हॉस्पिटलात, कॅन्सरच्या पेशंटना रेडिएशन द्यायच्या मशीनवर मी एकोणीस वर्षं टेक्निशियन होतो. पेशंटला टेबलावर झोपवायचं, खुणा जुळवायच्या, जाड भिंतीआड जाऊन बटण दाबायचं. ते किरण दिसत नाहीत, लागत नाहीत. तरी गाठ विरघळते. इतकी वर्षं बघूनही मला त्याची सवय झाली नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या रेडिएशन विभागाच्या डॉक्टर मॅडमनी एक जुनी गोष्ट शोधून काढली. अँटिबायोटिक्स यायच्या आधी न्यूमोनियावर, चिघळलेल्या जखमांवर, मोठ्या गळवांवर डॉक्टर एक्स-रेचा हलका डोस द्यायचे. पुढे इंजेक्शनं आली आणि सगळे ते विसरले. आता काही ठिकाणी कोरोनाच्या पेशंटवर पुन्हा करून बघत होते. खात्री कुणालाच नव्हती. मॅडमनी रीतसर परवानगी काढली. मी मात्र थक्क झालो होतो — ज्या किरणांनी मी गाठी जाळत आलो, त्यांचाच चिमूटभर डोस फुप्फुसातली आग शांत करणार?

पहिला पेशंट ठरला पास्कू. उत्तनचा मच्छीमार, पन्नाशीतला. रेडिएशन म्हटल्यावर त्याची बायको बिचकली. आम्ही गेटवर उभे राहून तिला समजावत होतो, तेवढ्यात रिक्षात बसलेल्या पास्कूच्या आईनं — फिलूमाय, ऐंशीच्या पुढची — पदर सारून मान दाखवली. मानेवर बोराएवढा पांढुरका, चकचकीत चट्टा. सात वर्षांची असताना तिथं गळू झालं होतं. ताप उतरेना. फादर येऊन शेवटची प्रार्थनाही करून गेले होते. मग बापानं तिला होडीत घालून मुंबईला नेलं, आणि तिथं एका अंधाऱ्या खोलीत डॉक्टरनं तिच्या मानेशी मशीनची नळी आणली.

"काय बी झाला न्हाय," ती म्हणाली. "दुखला न्हाय, चटका न्हाय. घूं आवाज आला, बस. तिसऱ्या दिशी मी पेज मागितली."

मग सुनेकडे वळून म्हणाली, "सही कर. मी जाऊन आलेली हाय."

माझ्या अंगावर काटा आला. मॅडमच्या कागदांत वाचलेली गोष्ट माझ्यासमोर रिक्षात बसली होती — जिवंत, सुरकुतलेली, पोराची आई झालेली.

आता ते सांगायलाच हवं.

दुपारी पास्कूला खाली आणलं. मशीन मी स्वतः तपासलं होतं. माझ्या अंगावर पीपीई किट होतं, लसीचे दोन्ही डोस झाले होते. दारातून स्ट्रेचर येताना दिसलं. तो खोकत होता — अख्खं अंग हलेल असा. त्याला टेबलावर घ्यायचं तर माझे हात त्याच्या काखेत जाणार, माझं तोंड त्याच्या तोंडाजवळ. फार तर दहा मिनिटांचं काम.

मी पुढे झालो आणि म्हणालो, "मशीन बंद आहे."

मॅडमनी विचारलं, कधी चालू होईल? उद्या, मी म्हणालो. अशा गोष्टीत कुणी खोटं बोलेल, असं कुणाच्या मनात तरी येईल का? स्ट्रेचर वळलं. पास्कूनं मास्कमागून माझ्याकडे बघून हात किंचित वर केला — हरकत नाही, असा.

दुसऱ्या दिवशी मशीन चालू झालं म्हणून मी कळवलं. तोवर तो व्हेंटिलेटरवर गेला होता. हलवणं शक्यच नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

वाचला असता का? पुढे मॅडमच म्हणाल्या की बऱ्याच ठिकाणी या उपचाराचा फारसा फायदा दिसला नाही. त्या वाक्याला मी किती दिवस धरून बसलो! पण त्या दुपारी मला ते कुठे माहीत होतं? त्या दुपारी माझा पक्का विश्वास होता की हा माणूस वाचेल. आणि तरीही मी तसं बोललो.

दोन वर्षांनी फिलूमाय आमच्याकडे आली. मानेवरचा तो चट्टा चिघळून कॅन्सर झाला होता. लहानपणीच्या त्याच किरणांनी झाला असावा, असं मॅडमनी तिला सांगितलं. वयामुळे ऑपरेशन नको, म्हणून पुन्हा किरणच द्यायचे ठरले. ती शांतपणे म्हणाली, "मधली सगली वरसं त्यानीच दिलीत ना?" आणि आपली आपण टेबलावर चढायला लागली.

पंधरा दिवस मी रोज तिची मान या हातांनी नीट ठेवली. रोज ठरवायचो, आज सांगतो. असं धाडस मी कुणात पाहिलं नाही, आणि त्याला हात लावायची माझी लायकी नव्हती — तरी लावत होतो.

शेवटच्या दिवशी तिनं माझा हात तिच्या दोन्ही हातांत धरला. म्हणाली, "पास्कूच्या येळी मशीन बंद पडली, त्यात तुमचा काय दोस, बाबा? मनाला लावून घेऊ नका."

मी "हो" म्हणालो. हात सोडवून घेतला, आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.