वन्संच्या हेल्मेटमधला आवाज

ब्रेकबाई अकरा वर्षं स्कूटरच्या मागे धावली. म्हणजे स्कूटरवर बसायची ती शिकणारी, आणि मागच्या सीटची कड धरून धावायची ही. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागे सिमेंटचं मोकळं मैदान होतं, तिथे सकाळी सातपासून तिची शाळा भरायची. शाळा म्हणजे दोन स्कूटरी, चार हेल्मेटं, सहा केशरी शंकू आणि ही एकटी बाई. "ब्रेक, ब्रेक, अहो ब्रेक" हे तिच्या तोंडून दिवसाला इतक्या वेळा निघायचं की तिचं खरं नाव केव्हाच मागे पडलं आणि हेच चिकटलं. तिचीही तक्रार नव्हती. उलट कोणी खऱ्या नावाने हाक मारली, तर कुठल्या कचेरीतून नोटीस आली की काय, असं वाटून ती दचकायची.

शिकायला यायच्या त्या चाळिशी-पन्नाशीच्या बायका. शिंपिणी, शाळेतल्या कारकून, एक तर दातांची डॉक्टरीण. त्यांना पडायची भीती नसायची, पडताना कोणी बघेल याची असायची. "मी धरलंय, सोडत नाही," असं सांगून ब्रेकबाई पहिल्या पाच मिनिटांत सोडून द्यायची आणि नुसतीच मागे धावत राहायची. धावता धावता हातवारे सुरू. डावा हात, उजवा हात, आणि थांबायची वेळ आली की हात खाली दाबून दोन्ही गाल टम्म फुगवायची. गालांचं तिला स्वतःला ठाऊक नव्हतं. नवऱ्याला ठाऊक होतं, कारण बसमध्ये ड्रायव्हरने ब्रेक लावला की शेजारी हाच प्रकार चालायचा. पण सव्वीस वर्षांच्या संसारात काय बोलायचं नाही हे तो चांगलं शिकला होता.

मग गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, "धावणं बंद. चालायला हरकत नाही."

"चालत मागे कशी जाऊ? स्कूटर थांबते होय माझ्यासाठी?"

"मग बसून करण्यासारखं काहीतरी बघा."

बसून करण्यासारखं घरात एकच काम होतं. नवऱ्याचं किल्ल्या बनवायचं दुकान. दुकान एवढं लहान की आत एकाने शिंक दिली तर दुसऱ्याने बाहेर जावं. "दुसरं स्टूल आहेच की," नवरा भाबडेपणाने म्हणाला. ब्रेकबाई मागे एकदा तीन दिवस त्या स्टुलावर बसली होती. तिसऱ्या दिवशी ती गिऱ्हाइकांना रांगेत कसं उभं राहायचं ते शिकवायला लागली, तेव्हा दोघांनी मिळून तो नाद सोडला होता. आता पुन्हा तेच स्टूल तिच्या डोळ्यांसमोर नाचायला लागलं. शिकवणं सुटलं तर आपण करायचं काय, या विचाराने तिला जेवण गोड लागेना.

वाट निघाली ती दुकानातूनच. कुलपं दुरुस्त करून घ्यायला येणाऱ्या एका सुरक्षा कंपनीच्या माणसाने दोन जुने वॉकीटॉकी दिले, परवान्याचे कागद कुठे भरायचे तेही सांगितलं, आणि वर काडेपेटीएवढा एक वायरलेस अडॅप्टर. एक वॉकीटॉकी बाईंच्या हातात. दुसरा शिकणारीच्या जाकिटाच्या खिशात, त्याला हा अडॅप्टर लावलेला, आणि अडॅप्टरकडून आवाज वायरीशिवाय थेट हेल्मेटमधल्या हेडसेटमध्ये. "वायर नकोच," तो माणूस म्हणाला. "हँडलमध्ये अडकली तर मानेला हिसका बसतो."

रात्रीची जेवणं व्हायच्या आधीच नवऱ्याने टेबल पुसून सगळं मांडलं. तो पडला कुलूपवाला, माहितीपत्रकाची एक ओळ सोडेल तर शपथ.

"'प्रथम वॉकीटॉकी बंद करावा,'" त्याने वाचलं.

"बंदच आहे."

"'अडॅप्टर खाचेत पूर्ण बसवावा, अर्धवट बसल्यास आवाज तुटतो.' बसला. 'जोडणी चालू असताना दिवा लाल-निळा लुकलुकतो. जुळल्यावर फक्त निळा.'"

"झाला निळा. पुढे."

"'आवाज बेताचा ठेवावा, आजूबाजूचे हॉर्न ऐकू आले पाहिजेत.'"

"हे शहाण्या माणसाने लिहिलंय."

"'हेडसेट एका वेळी एकाच यंत्राशी जोडला जातो. जवळच्या मोबाईलची...'"

"पुढचं वाचा."

"अगं, हे महत्त्वाचं दिसतंय."

"स्कूटरवर मोबाईल घेऊन कोण बसतंय? पुढचं वाचा हो, भाजी गार होतेय."

नवऱ्याने पुढचं वाचलं. कुठे बोलायचं नाही हे त्याला ठाऊक होतं असं मघाशी म्हटलंच.

पहिल्या दिवशी तिने मैदानावर एकटीनेच बोलून बघितलं. "डावीकडे घ्या," म्हटल्यावर एक जाडाभरडा आवाज आला, "बाई, डावीकडे भिंत आहे." तो शेजारच्या गोदामाचा पहारेकरी निघाला, त्याच चॅनलवरचा. मग तिने चॅनल बदलला, नवा आकडा खडूने भिंतीवर लिहिला आणि नियम ठरवले. शिकणारीने बटण दाबायचं नाही, हात हँडलवरच. निघायच्या आधी बाई हात वर करून वॉकीटॉकीवर विचारणार, "ऐकू येतंय का?" ऐकू आलं तर अंगठा दाखवायचा. अंगठा नाही तर स्कूटर जागची हलणार नाही.

आता प्रयोग करायचा कोणावर? सगळ्या म्हणाल्या, आधी दुसरीला शिकवा. रुग्णालयातली मेट्रन तर स्पष्टच बोलली. तिच्या हाताखालच्या नऊ नर्सना शिकायचं होतं. "बसल्या जागेवरून कोणाला तरी पास करून दाखवा, दुसऱ्या दिवशी नऊजणी पाठवते."

शेवटी पुढे आल्या वन्सं. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, वरच्या मजल्यावर राहणारी, अठ्ठावन्न वर्षांची, पोस्टातून निवृत्त झालेली. वन्संनी सव्वीस वर्षांत ब्रेकबाईचा एक शब्द मानला नव्हता. ब्रेकबाई म्हणाली मीठ कमी आहे, की वन्सं म्हणणार जास्त आहे. बैठकीच्या खोलीला हिरवे पडदे लावू म्हटलं, तर निळे आले, आणि एकोणीस वर्षं तेच लटकत होते. अशा बाईला कानात बोलून स्कूटर शिकवायची म्हणजे सगळी बोंबच. पण स्टूल समोर दिसत होतं.

"आधी सवय होऊ दे," म्हणून वन्संनी हेल्मेट एक दिवस घरी नेलं. नवऱ्याने जाताना बहिणीला धीर दिला, "कानात आवाज असला की भीती वाटत नाही."

दुसऱ्या सकाळी ब्रेकबाई भिंतीशी खुर्ची टाकून बसली. हात वर केला, "ऐकू येतंय का?" वन्संनी अंगठा दाखवला. "सावकाश सोडा. डावीकडे. आता ब्रेक." आणि काय सांगावं, वन्सं डावीकडे वळल्या आणि ब्रेक लावून थांबल्या. ब्रेकबाईने वॉकीटॉकीकडे पाहिलं, वन्संकडे पाहिलं आणि थर्मासमधला चहा स्वतःच्या साडीवर ओतला.

पहिले दोन दिवस समोरून येताना एखादं वळण उलटं गेलं, मग रोज तेच. म्हणेल तिथे वळणार, म्हणेल तिथे थांबणार. घरी येऊन ती नवऱ्याला सांगायची आणि तो चाव्यांचा जुडगा खाली ठेवून विचारायचा, "माझी बहीण? नक्की तीच?"

"यंत्राचा गुण आहे. समोर बोललं की त्यांना राग येतो, कानात बोललं की पटतं."

आठव्या दिवशी तिने अंगठ्याने मान वर करायची खूण करत सांगितलं, "ताठ बसा," तर वन्सं ताठ बसल्या. मग मात्र तिचा धीर चेपला. बाराव्या दिवशी सगळं झाल्यावर तिने हात वर केला आणि वॉकीटॉकी तोंडाशी धरून म्हणाली, "वन्सं, खरं सांगा, पडदे हिरवेच बरे दिसले असते ना?"

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला वन्संनी शांतपणे अंगठा वर केला.

ब्रेकबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. एकोणीस वर्षांनी का होईना, माणसाला माणूस कळतं, असं तिला वाटलं.

परीक्षेच्या दिवशी मेट्रन स्वतः बाकावर येऊन बसली होती. परीक्षा घेणारे साहेब रोडके, मिशाळ, एका हाती कागद अडकवलेली पाटी आणि एका हाती शिट्टी. "कानात काही चालणार नाही," ते म्हणाले. "हेडसेट काढून ठेवा." हे ब्रेकबाईने धरलंच नव्हतं. तिने हेल्मेटमधला हेडसेट सोडवला.

"वन्सं, आता तुमच्या कानात मी नसणार. सगळं तुमचं तुम्हालाच."

"तू कशाला असशील माझ्या कानात?" वन्सं म्हणाल्या. "कानात वकीलबाई असते."

"कोण वकीलबाई?"

"खुनाची गोष्ट गं. मोबाईलवर लागते सकाळी. हेल्मेट घरी नेलं त्या दिवशी आपोआप जुळलं बघ, मग रोज ऐकते. तो म्हणालाच होता, कानात आवाज असला की भीती वाटत नाही. आज नेमका खुनी सापडायचा होता."

ब्रेकबाईने वन्संच्या खिशातला वॉकीटॉकी बाहेर ओढला. अडॅप्टरचा दिवा लाल-निळा, लाल-निळा लुकलुकत होता. बिचारा तीन आठवडे हेडसेटला शोधत होता आणि हेडसेट मोबाईलशी गप्पा मारत होता. नवऱ्याने वाचलेली ती अर्धी ओळ आता तिला शब्दन्‌शब्द आठवली.

"म्हणजे माझं काहीच ऐकलं नाही?"

"तू काही बोलत होतीस का?"

"आणि अंगठा?"

"तू हात वर करायचीस. मला वाटलं, निघू का विचारतेयस. आणि संपल्यावर, घरी जाऊ का."

"आणि पडद्यांचं?"

"कसले पडदे?"

इतक्यात साहेबांनी शिट्टी वाजवली आणि वन्सं स्कूटर घेऊन निघून गेल्या. ब्रेकबाई मटकन बाकावर बसली. संपलं. तीन आठवडे आपण वाऱ्याशी बोललो. कानात गोष्ट ऐकत ही बाई आपल्या मनाने चालवत होती, हातपाय मोडले नाहीत हे नशीब, आणि आता मेट्रनच्या डोळ्यांदेखत शंकू उडवणार. दुकानातलं ते स्टूल, त्याचा डुगडुगणारा पाय, सगळं तिला दिसायला लागलं. रडू आलं, पण रडायला सवड नव्हती, कारण वन्सं पहिल्या वळणाला आल्या होत्या.

वळल्या. आठचा आकडा काढला, पाय न टेकता. चढावर थांबल्या, पुन्हा निघाल्या. मग साहेबांनी अचानक शिट्टी फुंकली आणि वन्संनी पांढऱ्या रेषेच्या वीतभर अलीकडे ब्रेक लावला. लावताना हेल्मेटच्या आत त्यांचे दोन्ही गाल टम्म फुगले.

"त्यांना मळमळतंय," ब्रेकबाई उठत म्हणाली.

"बसा हो," साहेब पाटीवर लिहीत आले. "तुमच्याकडच्या का या?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"गालांवरून. अकरा वर्षं बघतोय. तुमच्याकडे शिकलेली बाई ब्रेक लावताना गाल फुगवते. त्या शिंपिणी, शाळेतल्या बाई, सगळ्या. दातांच्या डॉक्टरीणबाई तर मला सिग्नलला रोज भेटतात, आजही फुगवतात."

"मी असलं कधीच शिकवलेलं नाही," ब्रेकबाई म्हणाली, आणि तेवढ्यात मागे एक स्कूटर कचकन थांबली तसे तिचे स्वतःचेच गाल फुगले. साहेबांनी नुसतं पेन तिकडे रोखलं. मेट्रन खो खो हसत सुटली.

वन्सं हेल्मेट काढत आल्या. "आरशात सारखी तूच दिसायचीस. डावा हात केलास की मी डावीकडे, गाल फुगवलेस की ब्रेक. समोरून येताना उलटं धरायचं, ते कळायला दोन दिवस लागले. कानात कोणी का बोलेना, तुझं तोंड बघितलं की पुरे."

ब्रेकबाईने आपल्या गालांना हात लावून पाहिला. मागे धावत होती तेव्हाही बायकांना आरशात हेच तोंड दिसत असणार. गुडघ्यांचा त्यात काही संबंधच नव्हता. वन्सं पास झाल्या आणि सोमवारी नऊ नर्स दारात उभ्या राहिल्या.

त्या सोमवारी खुर्ची आरशात नीट दिसेल अशी मांडली गेली. सगळ्यांचे मोबाईल बंद करून एका पिशवीत. अंगठ्याचा नियम रद्द. आता स्कूटर उभी असतानाच बाई कानात एक आकडा सांगणार, आणि शिकणारीने बटण दाबून तो परत सांगायचा, मगच चावी फिरणार. कानात कोण बोलतंय याची पुन्हा फजिती नको. नवऱ्याने माहितीपत्रक पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं आणि या वेळी तिने शेवटपर्यंत ऐकलं.

सगळं जुळल्यावर पहिली चाचणी कोणावर, तर वन्संवर. वन्संनी हेल्मेट घातलं. अडॅप्टरचा दिवा निळा झाला. ब्रेकबाई लांब खुर्चीवर बसली आणि हात अजिबात वर न करता वॉकीटॉकीत म्हणाली, "वन्सं, पडदे हिरवेच बरे दिसले असते."

मग वॉकीटॉकी खरखरला.

"निळेच बरे आहेत," वन्सं म्हणाल्या. "आणि आज चहात साखर कमी होती."

ब्रेकबाईने समाधानाने वॉकीटॉकी मांडीवर ठेवला. यंत्र आता अगदी नीट चालत होतं.